खोका ९ : एका छायाचित्र-संग्रहाच्या जतनाच्या नोंदी

४ जून

२७ खोके आले. एका स्टुडिओ छायाचित्रकाराचं सगळं काम त्यांत आहे, आणि त्याच्याआधी तोच स्टुडिओ चालवणाऱ्या त्याच्या वडिलांचंही. आज एकही खोका रिकामा केला नाही. प्रत्येकाचा बाहेरून एक आणि झाकण उघडून वरून एक असे दोन फोटो घेतले, कडेला पेन्सिलने क्रमांक टाकला आणि थांबलो. कुठलं पाकीट कुठल्या पाकिटाशेजारी होतं हीसुद्धा माहितीच असते. एकदा ती विस्कटली की परत मिळत नाही.

खोका ९ चं झाकण उचललं तर व्हिनेगरचा वास आला. लगेच बंद केलं. खोका उचलून दुसऱ्या खोलीत, खिडकीजवळ नेऊन ठेवला.

५ जून

ढोबळ मोजणी. काचेच्या निगेटिव्ह ६००च्या आसपास (छायाचित्रकाराने पाकिटांवर सगळीकडे ‘काचा’ असंच लिहिलंय, आम्हीही तेच म्हणू). फिल्मच्या निगेटिव्ह साधारण ९,०००. प्रिंट सात खोके भरून. रंगीत स्लाइडचे चार डबे, तीन चिकट पानांचे अल्बम, आणि ३८ सीडी, ज्या या यादीत असतील असं वाटलं नव्हतं.

सहकाऱ्याचं मत : उद्यापासून स्कॅनिंग सुरू करू, एकदा सगळं संगणकात गेलं की निर्धास्त. खरं सांगायचं तर माझाही कल तिकडेच होता. पण खोका ९ च्या वासाने रात्रभर डोक्यातून जायचं नाव घेतलं नाही. ९,००० निगेटिव्ह नीट स्कॅन करायला दोन माणसांना वर्ष-दीड वर्ष लागेल. ज्या फिल्मला आज वास येतोय ती तोवर आमच्यासाठी थांबणार नाही.

९ जून

फिल्म ओळखण्याचा दिवस. जुन्या फिल्मचा पाया, म्हणजे चित्राचा थर ज्यावर बसतो ते पारदर्शक प्लॅस्टिक, तीन प्रकारचा असतो : नायट्रेट, अॅसिटेट, पॉलिएस्टर. तिन्हींचं मरण वेगवेगळं, म्हणून आधी हे ठरवावं लागतं.

बऱ्याच फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं असतं, म्हणजे ती नायट्रेट नाही. कोडॅकच्या १९४९ पूर्वीच्या सुट्या फिल्मवर कोपऱ्यातली पहिली खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी असेल तर नायट्रेट, ‘यू’सारखी असेल तर अॅसिटेट. पॉलिएस्टर ओळखायला दोन पोलरायझिंग फिल्टर एकमेकांना आडवे धरून त्यांच्यामध्ये फिल्म ठेवायची. पॉलिएस्टर असेल तर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. जाळून बघण्याची जुनी चाचणी आम्ही करणार नाही.

नायट्रेट निघाल्या १४, सगळ्या खोका ३ मध्ये. ईस्टमनने १८८९ मध्ये नायट्रेटची रोल फिल्म बाजारात आणली आणि त्याच्या कोडॅक कंपनीत सिनेमाची नायट्रेट फिल्म १९५१ पर्यंत बनत होती. छायाचित्रण लोकांच्या हातात आलं ते या पारदर्शक, लवचिक वस्तूमुळे. पण तिला जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. एकदा पेटली की पाण्यात बुडवूनही विझत नाही. या १४ अजून चांगल्या आहेत, थोड्या पिवळट, चिकटपणा नाही. वेगळ्या कागदी पाकिटांत, हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाकी संग्रहापासून दूर ठेवल्या. नायट्रेटसाठी वेगळी कोठडी असलेल्या मोठ्या अभिलेखागाराशी बोलणं सुरू केलंय. साध्या टपालाने हा माल पाठवता येत नाही.

१२ जून

खोका ९, १०, ११ आणि १५ मध्ये ए-डी पट्ट्या ठेवल्या. रोचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने बनवलेली ही कागदाची छोटी निळी पट्टी असते. हवेतलं आम्ल जसं वाढेल तशी ती निळ्याची हिरवी आणि हिरव्याची पिवळी होते. खोका बंद करून किमान एक दिवस तसाच ठेवायचा. निकाल वाचायला सोबत एक छोटी रंगीत पेन्सिल येते, तिच्यावर ० ते ३ असे चार पट्टे आहेत.

१३ जून

खोका १० : ०.५. खोका ११ : १. खोका १५ : ०. खोका ९ : जवळजवळ २.५. पट्टी पिवळी पडली होती.

याचा अर्थ नीट लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत. अॅसिटेटचा पाया हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने हळूहळू तुटतो आणि तुटताना अॅसिटिक आम्ल सोडतो. व्हिनेगरचा वास येतो तो याचाच. हे आम्लच पुढच्या तुटीला वेग देतं. सुरुवातीची अनेक वर्षं बाहेरून काही कळत नाही. मग एक टप्पा येतो, पट्टीवर साधारण १.५, तिथून पुढे आम्ल स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या ताज्या फिल्मला त्या टप्प्यापर्यंत पोचायला सुमारे ४० वर्षं लागतात असा त्याच संस्थेचा हिशेब आहे. इथवरची ४० वर्षं ज्या वेगाने गेली त्या वेगाने पुढची जात नाहीत. आणि वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते.

खोका ९ तो टप्पा ओलांडून गेलाय. त्यातल्या काही निगेटिव्ह वाकल्यात. चार-पाच तर अशा झाल्यात की पाया आक्रसला आणि वरचा जिलेटिनचा थर आक्रसला नाही, म्हणून थर सुटून त्याच्या नागमोडी सुरकुत्या उभ्या राहिल्या. दोन निगेटिव्हवर निळे-गुलाबी डाग आहेत. आधी बुरशी वाटली. नंतर कळलं, तो फिल्मच्या पाठीवरचाच रंग आहे. प्रकाश मागून परतू नये म्हणून कारखान्यात घातलेला, धुलाईत रंगहीन झालेला, आणि आता आम्लामुळे पुन्हा वर आलेला.

निर्णय : स्कॅनर नंतर. आधी फ्रीझर.

१८ जून

सहकाऱ्याला फ्रीझरचं पटवायला आज आंद्रेच्या मोहिमेची गोष्ट सांगितली. ती पटवण्यासाठी नसती तरी सांगितली असती, इतकी मला प्रिय आहे.

सालोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल हे तिघे १८९७ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. फुगा बर्फावर उतरला, ते चालत निघाले, आणि क्विटया नावाच्या बेटावर तिघेही मेले. त्यांचा तळ सापडला तो १९३० मध्ये. कॅमेरा आणि उघडलेली, पण न धुतलेली फिल्म तिथेच होती. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्गने ती धुतली आणि २४० पैकी ९३ चित्रं वाचवली. बर्फावर आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं हे चित्र त्यातलंच. स्ट्रिंडबर्गने ते टिपलं तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. ३३ वर्षं या फिल्मची काळजी घेणारं कुणीही नव्हतं. बर्फाने सगळं वाचवलं असं नाही, ओलावाही आत शिरला होता. पण त्या फिल्म ३३ वर्षं एखाद्या उबदार माळ्यावर पडल्या असत्या तर ९३ तरी हाती लागली असती का?

असाच प्रकार २०१३ चा. अंटार्क्टिकावर केप इव्हान्सला कॅप्टन स्कॉटच्या लाकडी झोपडीत एकमेकींना चिकटलेल्या २२ नायट्रेट निगेटिव्ह मिळाल्या, ध्रुवशोधक शॅकल्टनच्या मोहिमेतल्या रॉस सी तुकडीच्या काळातल्या. सोडवल्यावर त्यांत माणसं दिसली.

थंडी झालेलं नुकसान भरून काढत नाही. खोका ९ फ्रीझरमध्ये ठेवला म्हणून सुरकुतलेली निगेटिव्ह सपाट होणार नाही. पण रासायनिक क्रिया इतकी मंदावते की उरलेलं आयुष्य शतकांत मोजावं लागतं. आम्हाला हवाय तो वेळ.

२१ जून

पाकीटबंदी. निगेटिव्ह आम्लविरहित कागदी पाकिटात, पाकिटं पुठ्ठ्याच्या डबीत, डबी झिप असलेल्या जाड पॉलिथिनच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. दोन पिशव्यांच्या मध्ये ओलावा दाखवणारं कार्ड (निळं म्हणजे कोरडं), तेही बाहेरून वाचता येईल असं. डबीला कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे जोडले, आत चुकून ओलावा शिरलाच तर आधी ते शोषून घेतील. फ्रीझर बर्फ न साचणारा घेतलाय.

सगळ्यात महत्त्वाची सूचना फ्रीझरच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावली : बाहेर काढलेली पिशवी २४ तास उघडायची नाही. थंड फिल्मवर खोलीतल्या हवेचं दव धरलं तर आपणच तिला भिजवल्यासारखं होईल.

२६ जून

खोका ९, १०, ११ आत गेले. १५ पुढच्या आठवड्यात.

८ जुलै

काचा. हे काम मला मनापासून आवडतं. काच वाकत नाही, आक्रसत नाही, तिचा पाया कधी आम्ल सोडत नाही. रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. त्याआधी १८५१ पासून आर्चरची ओली कोलोडियन पद्धत होती. तिच्यात काचेवर थर चढवल्यापासून धुण्यापर्यंत सगळं थर ओला असतानाच उरकावं लागे, म्हणून अंधारी खोली पाठीवर घेऊन फिरावं लागायचं. आमच्याकडच्या सगळ्या कोरड्या प्लेट आहेत.

नियम साधे : नायट्राइलचे हातमोजे, एका वेळी एकच काच, टेबलावर फोमची चादर. फक्त काचेची बाजू पुसायची, तीही मऊ ब्रशने, फार तर डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओलावलेल्या कापसाने. थराच्या बाजूला हात लावायचा नाही. मग चार पाळ्यांचं पाकीट. यात काच सरकवावी लागत नाही, पाळ्या उघडून ठेवता येते. खोक्यात लांब कडेवर उभ्या. आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या काचा वजनाने फुटतात. फुटलेल्या ९ काचा मात्र आडव्या, प्रत्येक तुकडा पुठ्ठ्याच्या स्वतंत्र कप्प्यात. तुकडे चिकटवायचे नाहीत.

कडांना निळसर आरशासारखी झाक आहे. थरातली चांदी ऑक्सिडाइझ होऊन पृष्ठभागावर येते आणि तिथे पुन्हा धातू बनून बसते. पुसली तर जाईल, पण ती चित्रातलीच चांदी आहे. तशीच ठेवली.

एक चूक होता होता राहिली. एका काचेवर लालसर रंगाचे जाड फटकारे होते आणि चेहऱ्यावर बारीक राखाडी रेघा. मळ समजून सहकाऱ्याने ब्रश उचलला होता. ते रिटचिंग होतं. पार्श्वभूमी झाकायला लाल अपारदर्शक रंग, आणि चेहऱ्यावरचे डाग घालवायला टोकदार पेन्सिलीने थरावर केलेलं काम. त्या रेघा इतक्या नाजूक आहेत की भिंग लावून बघताना श्वास रोखला जातो. वडिलांचा हात असणार तो. प्रिंटमध्ये जे गुळगुळीत गाल दिसतात ते इथे या पेन्सिलीने घडवलेत. त्या दिवसानंतर काचेवरची कुठलीही खूण, ती काय आहे हे कळल्याशिवाय, पुसायची नाही असं ठरलं.

१५ जुलै

प्रिंट. खोका १७ मधल्या सगळ्या कडेकडून पिवळट-तपकिरी, मधोमध अजून काळ्या. खोका १८ मधल्या त्याच काळातल्या, त्याच कागदावरच्या, आणि स्वच्छ. दोन खोके शेजारी शेजारी ठेवून सकाळभर बघत होतो. फरक कागदाचा नाही. हवेचाही असणं कठीण, दोन्ही एकाच कपाटात होते. फरक धुण्याचा आहे. कुणीतरी घाईच्या दिवसांत प्रिंट पुरेशा पाण्यात धुतल्या नाहीत, आणि त्यांच्यात हायपो (चित्र पक्कं करायचं रसायन) राहिला.

या हायपोची गोष्ट छायाचित्रणाइतकीच जुनी आहे, किंबहुना थोडी आधीची. जॉन हर्शलने १८१९ मध्ये दाखवलं होतं की हायपोच्या द्रावणात चांदीचे क्षार विरघळतात. त्या वेळी छायाचित्र नावाची गोष्टच नव्हती. पुढे १८३९ मध्ये दागेरची आणि टॅलबटची पद्धत जगासमोर आली तेव्हा प्रश्न हाच होता, की प्रकाशाने उमटलेलं चित्र प्रकाशातच काळवंडून जातं, ते थांबवायचं कसं? हर्शलने वीस वर्षांपूर्वीचा आपला शोध काढून दिला. न वापरली गेलेली चांदी हायपोने धुऊन टाका, चित्र टिकेल. आणि टिकलं. पण तोच हायपो कागदात राहिला तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीला खातं.

हे लोकांच्या लक्षात यायला फार वर्षं लागली नाहीत. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये चित्रं का फिकटतात हे शोधायला एक समितीच नेमली. प्रिन्स आल्बर्टने तिला ५० पौंड दिले. समितीने बोट ठेवलं ते नीट न धुतलेल्या हायपोवर, ओलाव्यावर आणि हवेतल्या गंधकावर. उपाय सांगितले ते भरपूर धुण्याचे आणि सोन्याच्या टोनिंगचे. छायाचित्रण जाहीर होऊन जेमतेम सोळा वर्षं झाली होती! माध्यम स्वतः अजून शिकाऊ होतं आणि त्याच्या जतनाची समिती बसली होती. इतक्या लवकर लोकांना कळलं होतं की हे हातचं जाणार आहे. मला त्या समितीबद्दल फार आपुलकी वाटते.

खोका १७ ला आता आम्ही पुन्हा धुणार नाही. इतक्या वर्षांनी पाण्यात घातलं तर थर सुटेल, आणि गेलेली चांदी काही परत येणार नाही. कोरडं ठेवायचं, अंधारात ठेवायचं. स्कॅनिंगच्या रांगेत १७ ला १८ च्या पुढे आणलं.

२४ जुलै

चिकट पानांचे अल्बम. पुठ्ठ्यावर गोंदाच्या रेघा, वरून प्लॅस्टिकचं आवरण. आधी प्रत्येक पानाचा, हाताने लिहिलेल्या ओळींसकट, फोटो घेतला. मग मेण नसलेला, दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू फिरवून तो सोडवायचा. ११६ पैकी ८२ सुटले. बाकीचे ओढले असते तर फाटले असते, ते पानासकट कापून घेतले. प्लॅस्टिक पीव्हीसी होतं, टाकून दिलं. नवी पाकिटं पॉलिएस्टरची, फोटोग्राफिक अॅक्टिव्हिटी टेस्ट (पाकिटाचं साहित्य फोटोला अपाय करतं का हे बघणारी चाचणी) उत्तीर्ण झालेली. ‘आम्लविरहित’ एवढ्या एका शब्दावर विसंबून पाकिटं घेऊ नयेत, ती चाचणी विचारावी.

२ ऑगस्ट

आज वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. एकाच माणसाच्या, एकाच बैठकीतल्या सहा-सहा निगेटिव्ह आहेत. डोळे मिटलेले, हललेले, प्रकाश कमी पडलेले. जागा कमी, पाकिटं महाग, फ्रीझर भरत आलाय. सहकारी म्हणाली, “एक चांगली ठेवू, पाच काढून टाकू.”

मला फ्रँक हर्ली आठवला, शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेचा छायाचित्रकार. १९१५ मध्ये शॅकल्टनचं एंड्युरन्स जहाज बर्फात चिरडलं जात होतं. पाण्याने भरलेल्या जहाजात शिरून त्याने डब्यांत सील केलेल्या काचा बाहेर काढल्या. पुढचा प्रवास होड्यांतून, वजन नेता येणार नाही. शॅकल्टनबरोबर बर्फावर बसून त्याने सुमारे १२० काचा निवडल्या आणि उरलेल्या सुमारे ४०० तिथेच फोडल्या. नंतर मन बदलू नये म्हणून फोडल्या. त्याच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

रॉय स्ट्रायकरकडे होता. अमेरिकेच्या फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनच्या छायाचित्र प्रकल्पात १९३० च्या दशकात त्याला नापसंत पडलेल्या निगेटिव्हला पंचने गोल भोक पाडलं जायचं. त्या फेकल्या गेल्या नाहीत, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बाकी संग्रहाबरोबर पोचल्या. आज लोक त्या भोकं पडलेल्या चित्रांकडेही थांबून बघतात, कारण निवड कशी झाली हे त्यांतून कळतं. शेताकडे बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी काळं वर्तुळ. ते भोक बुजवता येत नाही.

आम्ही बर्फावर बसलेलो नाही. सहाच्या सहा ठेवायच्या, एका पाकिटात, एका क्रमांकाखाली. स्कॅन एकीचं. सहकारी पूर्ण पटून उठली असं नाही, पण तिनेच पाकिटांवर क्रमांक घातले.

१९ ऑगस्ट

रंगीत स्लाइड. कोडाक्रोम अजून ताज्या वाटतात. ही फिल्म १९३५ ते २००९ अशी बनली, तिचे रंग धुलाईच्या वेळी घातले जायचे आणि अंधारात ते फार टिकतात. प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर मात्र टिकत नाहीत, म्हणून लाइटटेबलवरही मोजकाच वेळ. तिची धुलाई करणारी शेवटची प्रयोगशाळा डिसेंबर २०१० मध्ये थांबली. इतर स्लाइड लालसर झाल्यात. त्यांतला निळसर सायन रंग अंधारातही विरत जातो. फ्रीझरमध्ये दुसरा कप्पा केला.

५ सप्टेंबर

स्कॅनिंग अखेर सुरू. काचा आणि काळ्या-पांढऱ्या फिल्म १६ बिट ग्रे, रंगीत १६ बिट आरजीबी. मूळ फाइल टिफ, कॉम्प्रेशनशिवाय, आणि तिच्यात कुठलाही ‘सुधार’ नाही. ओरखडे काढणं, उजळवणं वगैरे जे करायचं ते वेगळ्या प्रतीवर. चौकट कापायची नाही : कड, खाच, कडेवर ओरखडून लिहिलेला क्रमांक, सगळं आत आलं पाहिजे. रोज सकाळी पहिलं स्कॅन मापपट्टीचं.

रसेल कर्शने १९५७ मध्ये संगणकात पहिलं छायाचित्र स्कॅन केलं ते त्याच्या तान्ह्या मुलाचं होतं. १७६ गुणिले १७६ बिंदू. आमची एक काच आज जितकी जागा घेते त्यात तसली हजारो मावतील. बाळ मात्र तेवढ्या बिंदूंतही ओळखू येतं.

१७ सप्टेंबर

सीडी. ३८ पैकी ७ वाचल्याच जात नाहीत. ६ जणींवर वाचताना चुका येतात. पाच सीडी फोटो सीडी निघाल्या. कोडॅकने १९९२ मध्ये काढलेली ही पद्धत, एकेका चित्राच्या अनेक आकारांच्या प्रती एकाच फाइलमध्ये, मोठी ३०७२ गुणिले २०४८. त्या काळी हे भवितव्य वाटत होतं. आता त्या फाइल उघडणारे प्रोग्रॅम शोधावे लागले. उघडल्या, टिफमध्ये उतरवल्या, मूळ फाइलही ठेवल्या.

यातल्या काही चित्रांच्या निगेटिव्ह आमच्याकडे नाहीत. आमच्यापुरती मूळ प्रत म्हणजे ती सीडीच.

संध्याकाळी लूनर ऑर्बिटरच्या टेपबद्दल बोलत बसलो. १९६६-६७ मध्ये या यानांनी चंद्राची चित्रं पाठवली, ती मोठ्या चुंबकी टेपवर साठवली गेली. त्यातच लूनर ऑर्बिटर १ ने चंद्राजवळून टिपलेलं पृथ्वीचं पहिलं चित्र. टेप जपल्या गेल्या, पण त्या वाचणारी अॅम्पेक्सची यंत्रं जगातून संपत आली. नासात काम केलेल्या नॅन्सी इव्हान्स यांनी अशी काही अवजड यंत्रं वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. २००८ मध्ये ती दुरुस्त करून टेप पुन्हा वाचल्या, आणि १९६६ मध्ये कुणी पाहिली नव्हती इतकी स्वच्छ चित्रं निघाली. एका बाईंच्या गॅरेजवर हे सगळं तरलं.

निगेटिव्ह उजेडासमोर धरली की दिसते. टेपला आणि सीडीला यंत्र लागतं, ते यंत्र चालवणारा लागतो.

३० सप्टेंबर

छायाचित्रकाराच्या कन्या आल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या. आम्ही त्यांना आजीच म्हणतो. लाइटटेबलसमोर निगेटिव्ह न दाखवता मोठ्या केलेल्या प्रिंट दाखवल्या, निगेटिव्हमधला चेहरा घरच्यांनाही ओळखता येत नाही.

तीन तासांत ४१ चित्रांतली माणसं सांगितली. एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, “हा माझा मामा असेल, पण नक्की नाही. लिहू नका.” मी म्हटलं, “आजी, लिहितो, पण तुम्ही ‘नक्की नाही’ म्हणालात हेही लिहितो.” त्यांना ते चाललं. प्रत्येक ओळखीपुढे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, खात्री किती, हे तीन रकाने आहेत.

जाताना पिशवीतून एक वही काढली. “बाबांची आहे. तुम्हाला लागेल का?” काचांच्या कडेवर ओरखडलेले क्रमांक आणि त्यांसमोर तारखा. चार महिने आम्ही ज्या आकड्यांकडे नुसते बघत होतो त्यांची किल्ली त्या वहीत होती.

टॅलबटच्या सगळ्यात जुन्या उरलेल्या निगेटिव्हवर, ऑगस्ट १८३५ च्या, खिडकीच्या जाळीचं टपाल तिकिटाएवढं चित्र आहे. शेजारी त्याने स्वतः लिहून ठेवलंय की प्रथम काढलं तेव्हा भिंगातून सुमारे २०० तावदानं मोजता येत होती. आज ती तशी मोजता येत नाहीत. त्या एका ओळीमुळे चित्रातून काय गेलं हेही आपल्याला कळतं. वही स्कॅन झाली. मूळ वही संग्रहातच राहील, खोका २८.

१४ ऑक्टोबर

मासिक तपासणीत एका फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासायला तिच्यावरून काढलेला आकडा) जुळला नाही. काच क्रमांक ३१२. स्कॅन झालं त्या दिवशी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ आकडा नोंदवून ठेवला होता. आज तो पुन्हा काढला तर वेगळा. फाइल उघडते, पण खालच्या तिसऱ्या भागात एक आडवी पट्टी सरकलीय. उरलेल्या दोन प्रती शाबूत होत्या, त्यांतल्या एकीवरून ही बदलली. बहुधा नकल करताना केबलने दगा दिला, केबल बदलली.

हे चेकसमशिवाय कधी कळलं असतं? कदाचित काही वर्षांनी, तीच बिघडलेली फाइल तिन्ही ठिकाणी पसरल्यावर.

आमच्याकडे तीन प्रती आहेत, दोन प्रकारच्या साठ्यांवर, एक वेगळ्या इमारतीत. वेगळ्या इमारतीचा आग्रह जॅक लो या छायाचित्रकारामुळे. केनेडींच्या त्याने काढलेल्या ४०,००० हून अधिक निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या बँकेच्या तिजोरीत होत्या. ११ सप्टेंबर २००१ ला त्या नाहीशा झाल्या. कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्हच्याच आकाराच्या छोट्या प्रिंटचे कागद) दुसरीकडे ठेवलेल्या होत्या म्हणून उरल्या. आज जे दिसतं त्यातलं बरंच त्या छोट्या चौकोनांवरून परत मिळवलेलं आहे.

जूनमधल्या त्या पहिल्या चर्चेकडे आता वेगळ्या नजरेने बघतो. फ्रीझरमधली डबी मी दहा वर्षं विसरलो, आणि वीज राहिली, तर ती जवळजवळ आजच्याच अवस्थेत सापडेल. फाइल दहा वर्षं विसरलो तर सापडेल याची मी हमी देणार नाही. म्हणून वार्षिक अंदाजपत्रकात फ्रीझरच्या विजेइतकीच ठळक ओळ डिस्क बदलण्याची आणि तपासणाऱ्या माणसाच्या वेळेची घातली. मूळ निगेटिव्ह स्कॅननंतरही जागची हलणार नाही, हे त्याच पानावर वेगळं लिहिलं.

२ नोव्हेंबर

रात्री नऊ तास वीज नव्हती. फ्रीझर उघडला नाही. आतलं तापमान उणे ६ पर्यंत आलं, ओलाव्याची कार्डं सगळी निळी. एका पिशवीची झिप अर्धवट लागलेली दिसली, बाहेर काढून बदलली. नायट्रेटच्या १४ निगेटिव्ह मागच्या आठवड्यात अभिलेखागाराच्या गाडीतून गेल्या, पोच आली.

२१ नोव्हेंबर

खोका ९ स्कॅनिंगसाठी बाहेर. काल सकाळी पिशव्या काढल्या, आज सकाळी उघडल्या. वास आहे, जूनइतकाच. ए-डी पट्ट्या पुन्हा ठेवणार.

२१२ पैकी १९८ निगेटिव्हचं स्कॅन झालं. वाकलेल्यांवर काच दाबली नाही, कॅमेऱ्याने वरून टिपल्या, जेवढं नीट आलं तेवढं. ११ अर्धवट आल्या. तीन येऊच शकत नाहीत, थर इतका उठलाय की प्रकाश सरळ पार जात नाही. त्यांतली पाकीट ४१ ची : वहीतल्या नोंदीप्रमाणे एका शाळेचा वर्ग, अडतीस मुलं. पहिल्या रांगेतले बूट दिसतात. वर सगळ्या सुरकुत्या. थर मात्र कुठे फाटलेला नाही. असा थर पायापासून सोडवून, पाण्यात पसरून नव्या पायावर घेणारे तज्ज्ञ आहेत. आज ते आमच्या आवाक्यातलं नाही.

सहकाऱ्याने पाकिटावर पेन्सिलने लिहिलं : ‘स्कॅन नाही. थर अखंड, सोडवणं शक्य. टाकू नये.’ मग डबी, मग पिशवी, मग दुसरी पिशवी. कार्ड निळं आहे हे दोघांनी पाहिलं आणि साडेपाचला फ्रीझरचं दार लावलं.